चहाची नाडी पाहणाऱ्या सिस्टर

गजभिये सिस्टर चहा पिण्याआधी त्याची नाडी पाहत. कप समोर आला की त्याच्या पोटाला तीन बोटं लावायच्या, पदरावर उलटं टाचलेलं घड्याळ दुसऱ्या हातानं वर करायच्या आणि थोडा वेळ एकदम गप्प. मग निदान व्हायचं. "ताप आहे, पण जीव नाही," असं म्हणाल्या की तो कप बाजूला सरकायचा. चहा याहून वाईट असेल तर चहावाल्याला शांतपणे सांगायच्या, "केस हाताबाहेर गेली. झाकून ठेव गा."

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो नागपूर स्टेशनबाहेर. टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली होती आणि सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी मी सांगलीहून आले होते. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा सुमार असेल. माझं वय बावीस, आणि मिरजेच्या पलीकडे एकटीनं केलेला तो पहिला प्रवास. माझ्या एका मैत्रिणीची मावशी पूर्वी सिस्टरांच्या हाताखाली नर्स होती, त्या ओळखीवर त्यांच्या इंदोऱ्यातल्या घरी माझी सोय झाली होती. घरी मी 'एका नर्सबाईंकडे राहणार' एवढंच कळवलं होतं. आडनाव लिहिलं नव्हतं.

पहिले चार दिवस मला जेवण गेलं नाही. ऊन असं की भिंतीला हात लावला तरी चटका बसे. सिस्टरांनी माझी जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, घरी काय पेते वं तू? मी सांगितलं, सकाळी चहा, रविवारी जायफळ घातलेली कॉफी, आणि वर्षातून एकदा गणपतीच्या जत्रेत आइस्क्रीम. त्यांनी दवाखान्याच्या जुन्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं : सकाळी चहा, चार वाजता कॉफी, रविवारी आइस्क्रीम. खाली सही केली आणि म्हणाल्या, "औषध भेसळीचं नाही चालत. शोधा लागते."

त्या शोधासाठी आम्ही दोघी सायकलरिक्षानं नागपूर पालथं घातलं. सिस्टर सहा महिन्यांपूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती आणि त्याचा परिणाम असा की शहरातल्या कुठल्याही हॉटेलच्या भटारखान्यात त्या सरळ शिरत. त्या काळी बायका हॉटेलात जायच्या त्या नवऱ्याच्या मागून, पडद्याच्या खोलीत. या बाई थेट भट्टीपाशी उभ्या राहून पातेल्यात डोकावत आणि दुधाचा वास घेत. कोणी अडवायला पुढं आलं की त्याच्याकडे निरखून बघत. कॉटन मार्केटजवळ मिशा पिळलेला एक पहिलवानासारखा चहावाला असाच तावातावानं उठला. सिस्टर म्हणाल्या, "पायाळू होता तू. दोन तास रडला नव्हता." तो माणूस मिशांसकट विरघळला. त्यानं जुनं पाणी फेकलं, नवं आधण ठेवलं, आणि आम्ही त्या चहाला उकळी येईपर्यंत त्याच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी केली. तो चहा पहिल्या नंबरचा ठरला. मी आयुष्यात इतका चांगला चहा प्याले नव्हते, आणि त्या गर्दीत कोणी बाईपुढं असं हात जोडून उभं राहिलेलंही पाहिलं नव्हतं.

कॉफीनं मात्र तीन आठवडे दमवलं. एकीला त्या म्हणाल्या, रक्त कमी आहे. दुसरीला, सूज आहे. मग एका दुपारी अजनीच्या रेल्वे क्वार्टर्सवरून रिक्षा जात असताना त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. कोणीतरी बिया भाजून राहिलं, म्हणाल्या. मला काहीच वास येत नव्हता. त्या उतरल्या आणि एकेका खिडकीखाली उभ्या राहत त्यांनी पाचव्या क्वार्टरचं दार वाजवलं. दार उघडलं ते एका मद्रासी इंजिन ड्रायव्हरच्या बायकोनं. तिला मराठी येत नव्हतं, सिस्टरांना तामिळ येत नव्हतं, आणि दोघींचं हिंदी एकमेकींना कळत नव्हतं. तरी अर्ध्या तासात पितळेच्या वाटीत फेसाळलेली कॉफी माझ्या हातात होती. सिस्टरांनी तिची नाडी पाहिली आणि डोळे मिटले. मग त्या बाईच्या पोटाकडे बोट दाखवून सात बोटं वर केली. तिनं लाजून मान हलवली. सातवा महिना होता. पुढं रोज चार वाजता कॉफी तिथंच, आणि कॉफीनंतर तपासणी.

आइस्क्रीमचं दुकान सीताबर्डीत सापडलं. दुकान कसलं, बोळातली एक ओसरी. लाकडी बादलीत बर्फ, वर खडे मीठ, मध्ये आंब्याच्या रसाचा आणि दुधाचा डबा, आणि दांडा फिरवणारे एक घामाघूम म्हातारबुवा. सिस्टर डब्याला कान लावून बसल्या. दांड्याचा आवाज जड झाला तशा सावरून म्हणाल्या, "आता कळा सुरू झाल्या. थांबू नका." बुवा दमले तेव्हा यांनी पदर खोचला आणि शेवटचे फेरे स्वतः फिरवले. ओसरीवर बसलेली गिऱ्हाइकं श्वास रोखून बघत होती. झाकण निघालं, पिवळाधमक गोळा वर आला, आणि कुणीतरी खरंच टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी पहिला चमचा मला दिला. मी दोन वाट्या खाल्ल्या. त्या रात्री मी तीन पोळ्या जेवले.

सहा आठवडे संपत आले तसं मला वाटू लागलं, या बाईंसाठी आपणही काही करावं. ट्रेनिंगमधल्या मुली जुन्या वस्तीतल्या एका हॉटेलच्या चहाचं फार कौतुक करायच्या. सिस्टरांच्या यादीत ते हॉटेल नव्हतं. मला केवढा आनंद झाला. सबंध नागपुरात त्यांच्या नजरेतून सुटलेली एक जागा मी शोधली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी जाहीर केलं की आज चहा माझ्याकडून, आणि हॉटेलचं नाव सांगितलं. सिस्टर उठल्या. आत जाऊन धुतलेलं पांढरं पातळ नेसून आल्या.

रिक्षातून उतरल्यावर त्या हॉटेलच्या पायरीशी थांबल्या. मी हात पुढं केला, पण त्यांचं लक्ष पायरीच्या डाव्या बाजूला, नालीकडे होतं.

"माझा बाप इथं चाय पेत होता," त्या म्हणाल्या. "आत नाही. इथं, नालीपाशी. उभ्यानं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात. वडील मिलमध्ये कामाला होते. पाळी सुटली की ते या लहान मुलीला घेऊन इथं येत. भिंतीच्या खुंटीला एक कान तुटलेला कप टांगलेला असे. तो आपण काढायचा, खाली ठेवायचा, मग वरून कोणीतरी चहा ओतायचा. पिऊन झाला की आपणच धुऊन परत टांगायचा. सिस्टर आठ-दहा वर्षांच्या झाल्या आणि त्यांनी बापाशी भांडण मांडलं. घरी चहा होत नाही का, इथं काहून मरायला येता? बाप हसून एवढंच म्हणायचा की चाय चांगला राहते. त्या बोलण्याचा त्यांना इतका राग होता की त्या पुन्हा बापासोबत इकडं आल्या नाहीत. छप्पन साली पांढरं पातळ नेसून त्या बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या मैदानावर गेल्या तेव्हा वडील नव्हते.

आमच्या सांगलीच्या घरी परसदारच्या कोनाड्यात असाच एक कप असायचा. तो कोणासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या क्षणी तो कप माझ्यासमोर आला आणि मला पायरीवर उभं राहवेना. मी म्हटलं, सिस्टर, आपण परत जाऊ.

"काहून?" त्या म्हणाल्या. "तू चाय पाजाले आणलं नं मले? चाल."

त्या आत गेल्या आणि बरोब्बर मधल्या टेबलाशी, पंख्याखाली बसल्या. भटारखान्याकडे गेल्या नाहीत. चहा आला. कपाला त्यांनी बोटं लावली नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. बशीत ओतून, ती लहान मुलासारखी दोन्ही हातांनी धरून त्या तो प्याल्या. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते की चहा वाईट असू दे. पाणचट, करपलेला, कसाही. मी माझा घोट घेतला आणि मला कळलं की तसं होणार नाही.

सिस्टरांनी रिकामी बशी खाली ठेवली.

"लय चांगला आहे वं," त्या हळूच म्हणाल्या. "बाप खोटं नव्हता बोलत. चायसाठीच येत होता तो. मले वाटे, त्याले लाज नाही."

त्यांचे डोळे भरले नव्हते, पण हात टेबलावर तसाच उपडा पडला होता. बत्तीस वर्षं त्या वॉर्डात जन्मलेलं प्रत्येक मूल ज्यानं धरलं होतं तो हात. मी त्यावर माझा हात ठेवला. कोनाड्यातल्या कपाचं मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही. आज लिहिते आहे, तेही त्या गेल्यावर.

चष्मा लावलेले मालक गल्ल्यावरून उठून आले. आम्ही कोण, कुठल्या, त्यांना काही माहीत नव्हतं. फडक्यानं टेबल पुसत त्यांनी अदबीनं विचारलं, आणखी काही पाहिजे का बाई?

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "बसू द्या जराशी."

"बसा नं," ते म्हणाले, आणि जाता जाता पंख्याचं बटण एक घर पुढं करून गेले.