फॅमिलीपुरती फळी

"तुम्हीच निवडा. मी आपली विहिरीत पोहलेली, तुम्ही तेरणेच्या पुरात पोहलेले," असं म्हणून अक्षदानं मोबाइल वैजनाथच्या हातात दिला आणि ती भाकरी थापायला गेली.

मोबाइलवर हवा भरून फुगवायच्या फळ्या होत्या. उभं राहून वल्हं मारायचं, वाटलं तर मध्ये शीड लावून वाऱ्यावर जायचं. यंदा पावसानं कहर केला होता. माहेरी बेंबळीजवळचा साठवण तलाव तुडुंब भरला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत अक्षदाला त्या पाण्यावर उभं राहायचं होतं. ती धाराशिवात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पैसे तिचे, हौस तिची. निवड तेवढी नवऱ्याची.

आणि नवऱ्याला पोहता येत नव्हतं. पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याला घाम फुटायचा.

चौदा वर्षांपूर्वी सोयरीक जमवताना धुळाप्पांनी, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांनी, ना नोकरी विचारली, ना शेती. "पवता येतं का?" एवढंच विचारलं. त्या घरात नव्या जावयानं विहिरीत उडी टाकल्याशिवाय त्याचं पान मांडलं जात नसे. मुलगी मनात भरलेली, चहाची बशी हातात, सगळ्यांच्या नजरा तोंडावर. वैजनाथ म्हणाला, "व्हय की. तेरणेचा पूर पार केलाय." पुराची काही गरज नव्हती, पण खोटं बोलताना माणसाची जीभ सैल सुटते.

तेव्हापासून त्याचा उजवा कान दुखत होता. पहिल्या दिवाळीत दुखला, मेव्हण्याच्या लग्नात दुखला, दर जत्रेत दुखला. बेंबळीची वेस दिसली की ठणका सुरू. सासूबाई सिताबाई बिचाऱ्या दर वेळी लसणाचं तेल कोमट करून कानात घालायच्या आणि धुळाप्पा विहिरीकडं बघून उसासा टाकायचे, "काय पवणारा माणूस! कानानं घात केला."

आता ही फळी. आठवडाभर वैजनाथनं पंचायत समितीच्या टेबलावर फायलींच्या आड मोबाइल उभा करून फळ्यांचा अभ्यास केला. लांब फळी सरळ जाते, रुंद फळी डगमगत नाही, जाड फळी जास्त वजन पेलते. सगळं जग चढता येईल अशी फळी शोधत होतं. वैजनाथ एकटाच आपल्याला चढता येणार नाही अशी फळी शोधत होता. त्याचं वजन ब्याऐंशी. ऐंशीच्या आतली मिळाली असती तर प्रश्नच मिटला असता, पण तसल्या फळ्या लहान पोरांच्या. आठवीतली लेक करिश्मासुद्धा तिच्यावर मावली नसती.

तेवढ्यात एका व्हिडिओत त्याला शिडाची फळी दिसली. शीड धरून एकटाच माणूस उभा, दुसऱ्याला टेकायलाही जागा नाही. वैजनाथचा जीव भांड्यात पडला. त्यानं पुण्याच्या दुकानात फोन लावला.

"शिडाची हवी. फक्त फॅमिलीपुरती," तो म्हणाला.

"फॅमिलीसाठी. ओके सर. किती जण?"

"किती म्हणजे? एकच."

"एका माणसाला फॅमिलीची कशाला, सर?"

"अहो, फॅमिली एकच आहे माझी!" वैजनाथ भडकला. आपल्या भागात बायकोचं नाव परक्यापुढं घेत नाहीत, फॅमिली म्हणतात, एवढं पुण्याच्या माणसाला कळू नये याचं त्याला नवल वाटलं.

"हो सर, सगळ्यांची एकच असते. फॅमिलीचं वजन किती धरू?"

"आता ते मी कसं विचारणार? लग्नात कमी होतं. तवापासून वाढलंच म्हणायचं."

"वाढतंच सर. जास्तीचं धरतो. आणि तुम्ही?"

"मी चढणार नाही. फॅमिली चढणार. लिहून घ्या."

"घेतलं, सर."

पार्सल टेम्पोतून आलं. वैजनाथ संध्याकाळी ऑफिसातून परतला तेव्हा करिश्मानं पंप मारून फळी फुगवली होती. एक टोक देवघराच्या उंबऱ्यावर, दुसरं दारातून बाहेर चपलांवर. वरच्या कागदावर सहा माणसांचं चित्र होतं. सहाही जण हसत होते.

त्यानं जिन्यात जाऊन फोन लावला. "अहो, फॅमिलीची सांगितली होती!"

"सर, फॅमिलीचीच आहे. सर्वांत मोठी. आणि एकदा हवा भरली की आम्ही परत घेत नाही."

तो आत आला तर अक्षदा फळीच्या कडेला बसून तिच्यावरनं हात फिरवत होती. डोळे भरलेले. "मला वाटलं होतं, तुम्ही मला एकटीपुरती आणून मोकळे व्हाल. तुम्ही तर सगळ्यांचा विचार केला," ती म्हणाली. वैजनाथला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरीही हात खिशातल्या कानाच्या थेंबांकडं गेलाच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निम्मी बेंबळी तलावावर. "जावई चालवणार हायत" असं धुळाप्पांनी गावभर करून ठेवलं होतं. फळीबरोबर दोन लाइफ जॅकेट आली होती. एक करिश्मानं घातलं, दुसरं सिताबाईंनी लुगड्यावर चढवलं. वैजनाथनं हात पुढं केला तर धुळाप्पा हसले, "पवणाऱ्याला कशाला?"

"मामा, कान लई ठणकतोय सकाळधरनं."

"फळीवर बसल्यावर कानात पाणी कुठनं जातंय? बसा तुमी."

चौदा वर्षं पुरलेला कान असा एका वाक्यात बरा झाला. वैजनाथ फळीवर बसला आणि दोन्ही हातांनी शिडाचा दांडा कवटाळला. "आता मी बसते," म्हणत अक्षदानं पाण्यात पाय टाकला, तोच वारा आला. शीड फुगलं, आणि फळी त्याला एकट्याला घेऊन निघाली.

"निघालं! जावई निघालं!" काठावर टाळ्या सुरू झाल्या.

"थांबवा!" वैजनाथ ओरडला. काठावर ते 'बघा बघा' असं ऐकू गेलं. टाळ्या वाढल्या. मागं बघावं तर काठावरची माणसं लहान होत चाललेली, पुढं बघावं तर नुसतं पाणी. त्यानं येडाईला हाक मारली, तुळजाभवानीला हाक मारली, करिश्माचं शिक्षण अक्षदावर सोपवलं आणि डोळे मिटले. पलीकडल्या अंगाला बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते. त्यांत शीड अडकलं, फळी कलंडली आणि दांडा कवटाळलेला वैजनाथ पायांकडनं पाण्यात घसरला.

मरणाला किती वेळ लागतो याची तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपण उभे आहोत.

पायाखाली कुणाचा तरी बांध होता. तलाव यंदा इतका भरला होता की खाली कुणाचं शेत कुठं, हे तलाठ्यालाही सांगता आलं नसतं. पाणी गळ्याला लागत होतं, पण बांध कठीण होता आणि वाकडा-तिकडा का होईना, गावाच्या दिशेनंच जात होता. वैजनाथनं फळीची दोरी मनगटाला गुंडाळली आणि पावलापुढं पाऊल टाकत निघाला. पाय घसरला की दोन्ही हात पाण्यावर आपटायचा. तोंडानं देवीचा धावा चालूच होता.

काठावरनं दिसत होतं ते एवढंच: पाण्यावर एक मुंडकं, दोन्ही बाजूंनी सपासप पडणारे हात, आणि मागं ओढत आणलेली सहा माणसांची फळी.

त्याला हातांवर उचलून बाहेर काढलं. धुळाप्पांच्या डोळ्यांतनं धार लागली होती. "म्या सांगत हुतो का न्हाय! ह्यो तेरणेच्या पुरातला माणूस हाय!" त्यांनी डोईचा पटका सोडून वैजनाथच्या अंगाखांद्यावर टाकला आणि गावाकडं वळून म्हणाले, "यंदा पाणी लई झालंय. पोरं काठावर खेळत्यात, जीव टांगणीला लागतोय. उद्या सकाळी सातला समदी पोरं आमच्या विहिरीवर आणा. जावई शिकवतील."

पंचवीस-तीस आया एकदम सुखावल्या. एकीनं आपला सहा वर्षांचा मुलगा पुढं ढकलून वैजनाथच्या पाया पडायला लावला.

त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवताना वैजनाथला विहीर दिसली, तिच्यात हे पोर दिसलं आणि काठावर उभे आपण दिसलो. चौदा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. त्याला खोटं सहन होईना. "मामा, मला पवता येत न्हाय!" तो मोठ्यानं म्हणाला. "कधीच येत नव्हतं. कान बी दुखत न्हाय. म्या खोटं बोललो!"

धुळाप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग फळीकडं, मग अख्ख्या तलावाकडं.

"बघा," ते म्हणाले. "एवढं पाणी कापून आला, आन् म्हणतो येत न्हाय. असा निगर्वी माणूस दिवा घिऊन हुडकला तरी घावायचा न्हाय."

लोकांनी हात जोडले. वैजनाथ "अहो खरंच, आईशप्पत" म्हणत राहिला, तसतसे ते अधिकच वाकत गेले. शेवटी तो फळीवर मटकन बसला. आता जगात आपलं खरं मानणारं कुणीच उरलं नाही असं त्याला वाटलं.

गर्दी पांगल्यावर अक्षदा जवळ येऊन बसली. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. केस कोरडे होते.

"एवढा तलाव पवून आलात," ती हळूच म्हणाली, "पण तुमचा भांग मोडला न्हाय."

वैजनाथनं मान खाली घातली. "मग आता?"

"पाचला विहिरीवर चला. पोरं सातला येत्यात."