एक चालू, एक स्टँडबाय

भर दुपारी, जेवून जरा पाठ टेकावी म्हटलं की आमची बेल वाजायची. साधीसुधी नाही, घराला आग लागल्यासारखी लागोपाठ. मी लुंगी सावरत, टेबलाला ठेचकाळत दार उघडायचो, तर समोर निकमकाका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे.

"काय झालं काका?"

"काय नाय. ट्रायल हाय," ते म्हणायचे. "लय वेळ लावतो तू, सुधीर. कान दाखव कुणाला तरी." आणि समोरच्या आपल्या घरात निघून जायचे.

पहिल्या वेळी मी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मी नुकताच नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि दुपारची झोप हा माझ्या आयुष्यातला एकमेव ताजा आनंद होता. संध्याकाळी बायको शाळेतून शिकवून आली, तिला हा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "कानाचं मात्र खरं बोलले."

निकमकाका मूळचे दिंडोरीकडचे. भाऊ द्राक्षात रमले आणि हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागले, ते निवृत्त होईपर्यंत पंपांच्या सहवासात राहिले. जेल रोडच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या दारात राहायचे. त्यांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांच्या पेन्शनचंसुद्धा वय झालं होतं. पण डोक्यातला प्लँट काही बंद पडला नव्हता.

"प्लँटात दर पंपाला जोडीदार असतो," ते समजावून सांगायचे. "एक चालू, एक स्टँडबाय. चालू पडला की दुसऱ्यानं लगेच लोड उचलायचा. आन नुसता ठेवून भागत नाय बरं का. ठरल्या दिवशी चालू पंप बंद करायचा आन स्टँडबायला पळवायचा. त्याला चेंजओव्हर म्हणत्यात. बसून राहिला की जाम होतो तो, आन नेमका गरजेला दगा देतो."

हे सगळं त्यांनी घरात शब्दशः लागू केलं होतं. दोन काठ्या, दोन चष्मे, दोन टॉर्च. दूधवालेही दोन, आणि दोघांना आठवडे वाटून दिलेले. त्या दोघांत यावरून एकदा आमच्या गेटवर भांडणही झालं होतं. कवळ्यासुद्धा दोन होत्या. स्टँडबाय कवळी जरा सैल होती, ती ते रविवारी लावायचे, त्यामुळे रविवारी त्यांचं बोलणं कुणाला धड कळायचं नाही.

त्यांच्याकडे एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ऐकायचं, ही त्यांची जुनी सवय. आमचा फ्रिज त्यांनी असाच तपासला. "बेअरिंग बोलतंय," म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात फ्रिजने मान टाकली. एकदा जिना चढून आल्यावर मी "हुश्श" केलं, तर त्यांनी तोच स्क्रू ड्रायव्हर माझ्या गुडघ्याला लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"ग्रीस संपलंय. चालंल अजून. पण भरवसा नाय."

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सिंधूकाकूंसाठी. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली आणि शेवटी ऊन आहे की अंधार, एवढंच कळायचं. ताटात भाजी कुठे आणि आमटी कुठे, हे काका त्यांना सांगायचे. काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्या घरभर फिरायच्या. आपण बंद पडलो तर हिचं कोण करणार, हा एकच प्रश्न काकांना खात होता. त्याचं उत्तर शोधायला ते सगळ्या बिल्डिंगच्या बेला वाजवत फिरायचे.

आधी त्यांची भिस्त पुण्याच्या मुलावर होती. पण मुलगाच आता साठीला आलेला, बायपास झालेली, वर पाठीला पट्टा. "त्याचं तर माझ्याआधी ओव्हरहॉलिंग झालं," काका म्हणायचे. मग खालचे देशमुख. ते ट्रायलला धावत वर आले आणि काकांनाच त्यांना बसवून पाणी पाजावं लागलं. देशमुख पुढच्या उन्हाळ्यात गेले. काकूंची बहीण घोटीहून राहायला आली, तर ती गॅस चालू ठेवून देवळात निघून गेली. वरच्या मजल्यावर नोकरी करणारी पोरं भाड्याने राहायची. ती बेल वाजताच हजर व्हायची. पण काकांनी त्यांच्यावरही फुली मारली.

"पोरं चांगली हायेत रे. पण ती भाडेकरार संपला की बदलत्यात," ते एकदा माझ्याकडे बसून म्हणाले. "ज्यांच्यावर डोळे झाकून भरवसा टाकला ती सगळी माझ्याच बॅचची. सगळीच एकदम भंगारात निघाली. राहता राहिला तू. नाइलाज हाय."

अशा गौरवाने माझी नेमणूक झाली. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचं, काकूंना वाढायचं, मग चहा करायचा, आणि काकांनी घराबाहेर राहायचं. "चालू पंप बंद केल्याबिगर स्टँडबायचं कळत नसतं," म्हणून दोन्ही काठ्या घेऊन ते निघायचे. "मी मुक्तिधामच्या देवळात जाऊन बसतो. दार लावून घे. उघडं ठेवायचं नाय. सवय व्हायला पाहिजे तिला."

पहिल्या शनिवारी मी ताट समोर ठेवून "घ्या काकू" म्हणून मोकळा झालो, आणि त्यांची बोटं थेट गरम आमटीत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र बोटांवर फुंकर घालत म्हणाल्या, "छान झालीय आमटी." मग मी शिकत गेलो. भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे, पाण्याचा पेला कधीही जागा बदलून ठेवायचा नाही. काकू निमूट जेवायच्या आणि माझ्या कसल्याही चहाला छान म्हणायच्या. मला वाटलं, चला, स्टँडबायने लोड घेतला.

एका शनिवारी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "अजून एक कप कर रे. जिन्यात नेऊन दे."

"कुणाला?"

"तुझ्या काकांना. ते कुठं जात्यात मुक्तिधामला? खालच्या वळणावर बसत्यात. मघाशी खोकले की. तुला नाय ऐकू आलं?"

मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

"मी सांगितलं म्हणून बोलू नको. त्यांना वाटतं मला कळत नाय." काकूंनी कप चाचपत बशीत ठेवला. "मी तुझ्या हातचं गुमान खाते, ते त्यांच्यासाठी. मला सवय झालीय असं वाटलं म्हणजे त्यांना जरा झोप लागंल. तुझं काय वाईट नाय रे, पण मला कशाची सवय होते आता?"

मी कप घेऊन खाली गेलो. काका खरंच वळणाच्या पायरीवर बसले होते. काठ्या मांडीवर होत्या. भिंतीवरून वर स्वयंपाकघरात जाणाऱ्या पाण्याच्या पाइपला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलेलं, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मला बघताच त्यांनी तो घाईघाईने काठ्यांखाली दडवला.

"नळाला पाणी हाय का बघत होतो," ते म्हणाले. "चहा कुणी सांगितला?"

"माझाच जास्त झाला."

एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "साखर लय पडलीय. तिला कमी लागते." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "जेवती का?"

"जेवतात."

"रडतबिडत नाय ना?"

"नाही काका. मजेत असतात."

"मग झालं," ते म्हणाले. "जमलं म्हणायचं." आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला खोटं बोलल्याचा पश्चात्ताप झाला. त्यांना जे हवं होतं तेच मी सांगितलं होतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. मी वर आलो. त्या माणसाची मला फार कीव आली.

थंडीत काकांच्या छातीत कफ झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांनी दवाखान्यातच प्राण सोडला. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा तोंडावर मास्क होता. तो बाजूला सारून म्हणाले, "आज शनिवार नाय. तरी जा. तिची जेवायची वेळ झाली."

मुलाने आईला पुण्याला न्यायची तयारी दाखवली. काकू म्हणाल्या, "हे घर माझ्या हाताला ठाऊक हाय." सकाळी कामाला बाई येते, दुपारी मी असतो. काकांनी आखून दिलं होतं तसं सगळं सुरळीत चाललंय. मी कानाचं मशीनही घेतलं, काका असते तर तेवढं तरी त्यांनी मान्य केलं असतं.

परवा काकू जेवल्या, चहा झाला. चहासाठी माझ्या घरून दूध आणताना उघडं राहिलेलं दार मी सवयीने लावायला उठलो.

"राहू दे उघडं," काकू म्हणाल्या.

"गार वारा येतोय."

"येऊ दे."

त्यांनी तोंड जिन्याकडे केलं आणि मान जराशी कलती ठेवून बसल्या. मला ते बघवेना. मी आणखी एक कप चहा केला आणि तो घेऊन खाली उतरलो. वळणाच्या त्या पायरीवर बसलो. पाइपला पाठ लागत होती. काय करावं ते सुचेना, म्हणून मी खोकलो.

मग काकूंचा आवाज आला.

"त्यांचा असा नव्हता रे."

मी ओशाळून उठायला लागलो.

"बस पण," त्या वरून म्हणाल्या. "थोडा वेळ बस तिथंच."