जबाबदारी स्वीकारणारी संघटना

"फवारा मारून आलेल्या माणसाजवळ लेकरू नको देत जाऊ व," असं कांताबाईंनी सुनेला पावसाळ्याच्या तोंडावरच बजावलं होतं. शीलानं ते कानाआड केलं. एक तर सासू चौथी शिकलेली आणि ती स्वतः बी.ए. होती. दुसरं म्हणजे त्या वेळी ती अभ्यासात होती, आणि अभ्यासाचा विषय जागतिक होता.

शीला 'दहशतवाद आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा' या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. बोरी अरबसारख्या खेड्यात बसून तिनं हा विषय का निवडला, याचा सुरक्षेशी संबंध नव्हता. तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर मराठीच्या जागा भरल्या होत्या आणि समाजशास्त्राचे सर बदलून गेले होते. केंद्रप्रमुख देवसिंग सर म्हणाले होते, "ताई, हेच घ्या. यात कोनी नापास होत नाही. तपासनाऱ्यालेच समजत नाही."

तेव्हापासून एका हातात पाळण्याची दोरी आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून शीला जगाचं रक्षण शिकत होती. ती सातव्या घटकावर, म्हणजे रासायनिक अस्त्रांवर आली, त्या दिवशी शेजारचा उकंडा अंगणात आला.

उकंडा पाठीवर पंप घेऊन लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. त्या वर्षी बोंडअळी कशालाच दाद देत नव्हती आणि कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा झाडावर कमी आणि उकंडाच्या तोंडावर जास्त बसत होता. दुकानदार सांगेल ती तीन औषधं एकाच ड्रमात ओतायची, काडी सापडली नाही तर हातानं ढवळायची आणि तोंडाला रुमाल बांधायचा, अशी त्याची पद्धत. आल्या आल्या त्यानं नेहमीसारखं शीलाच्या सव्वा वर्षाच्या लेकीला उचललं.

"वैनी, दोन रोज झाले, पोरगी मले दोन दोन दिसून राह्यली," तो हसून म्हणाला. "एक तुमाले ठेवा, एक मी घेऊन जातो."

शीलानं मान वर केली. उकंडाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. घामाच्या धारा लागल्या होत्या, हात थरथरत होते आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. तिनं पुस्तकात पाहिलं. पान एकशे चौदा, विषारी वायूच्या हल्ल्याची लक्षणं. क्रमसुद्धा तोच होता.

तिनं आधी लेक ओढून घेतली आणि साबणानं तीनदा धुतली. मग ओरडली, "उकंडाभाऊ, दवाखान्यात चला!"

"जाईन ना, काहून घाबरता? पुंडलिकरावच्या वावरातले नव्वद पंप मारून होऊ द्या."

तो गेला. शीलाला पाचवा घटक आठवला. त्यात सुजाण नागरिकानं अशा प्रसंगी ताबडतोब लेखी माहिती द्यावी, असं म्हटलं होतं. तिनं तालुक्याच्या कचेरीत जाऊन माहिती दिली. कारकुनानं विहित नमुना पुढे ओढला.

"हल्ला कोनी केला?"

"फवारणाऱ्यानं."

"कोनावर?"

"स्वतःवरच."

"जबाबदारी कोन्या संघटनेनं स्वीकारली?"

"कोणीच नाही."

"मंग हा हल्ला होत नाही, म्याडम. हा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

पण तोवर 'रासायनिक हल्ला' हे शब्द आवक नोंदवहीत चढले होते. आवक झालेल्या शब्दांवर कार्यवाही करणं बंधनकारक असतं. म्हणून चौथ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मॉक ड्रिल ठरलं.

जिल्ह्याहून एक साहेब आणि दहा पोशाख आले. डोक्यापासून तळपायापर्यंत बंद, त्यावर मुखवटा, कोपरापर्यंत हातमोजे. रुग्णवाहिकाही आली. तिथे डॉक्टर असेल, या आशेनं शीलानं उकंडाला हाताला धरून आणलं. मधल्या दिवसांत त्यानं नव्वद पंप पुरे केले होते. डॉक्टर नव्हता, पण साहेबांना बाधित नागरिकाच्या भूमिकेसाठी माणूस हवाच होता.

"हा बरा आहे," साहेब म्हणाले. "आधीच थरथरतो."

उकंडाला स्ट्रेचरवर निजवलं. त्याच्या तोंडाला फेस आला तसा गावानं टाळ्या वाजवल्या. "गावात कला आहे," साहेब शेजारी बसलेल्याला म्हणाले.

उकंडाची नजर पोशाखावर खिळली होती. "साहेब," तो जड जिभेनं म्हणाला, "हा ड्रेस मले एक रोज भेटन का? उद्या फवारनी हाये."

"हे दहशतवादी हल्ल्यासाठी आहेत. शेतीकामाला दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो."

एक वाजता ड्रिल यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. पोशाख घडी करून पेटीत गेले. उकंडा उठला नाही.

"उठ म्हणा त्याले, संपलं," रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला.

"तो नाटक नाही करून राह्यला!" शीला किंचाळली. अभ्यासक्रमाची मराठी तिच्या तोंडून पार निघून गेली होती.

रुग्णवाहिकेच्या वहीत 'प्रात्यक्षिकासाठी' असं लिहिलेलं असल्यामुळे तिच्यात खरा रुग्ण बसत नव्हता. शीलानं लेक सासूकडे फेकल्यासारखी दिली आणि भाजीच्या टेम्पोतून उकंडाला दवाखान्यात नेलं. तो अकरा दिवसांनी घरी आला. टपालानं त्याचं 'उत्कृष्ट बाधित' असं प्रशस्तिपत्र आलं होतं. ते शीलानं वाचून दाखवलं, कारण त्याच्या डोळ्यांना अजून अक्षरं लागत नव्हती.

शीलानं याच विषयावर प्रबंध लिहिला. चौऱ्याऐंशी पानं. प्रथम श्रेणी मिळाली आणि शेरा आला : 'मांडणी चांगली, परंतु शत्रू स्पष्ट होत नाही.' शेवटची दोन पानं खळीनं चिकटलेली होती, ती कोणी न उघडता तशीच परत आली. त्यात लिहिलं होतं :

"वाचणाऱ्यास विनंती. उकंडाभाऊ कालपासून पुन्हा फवारणीला जातो आहे. मी सगळीकडे पुरी पडत नाही. अंगात सुती कपडा घालून तुम्ही हे वाचत असाल, तर शत्रू शोधायला सरहद्दीवर जाऊ नका. जवळच्या वावरातून पंपाची घरघर येत असेल तर थांबा, आणि ती मध्येच बंद पडली तर धावा. डोक्याएवढ्या कपाशीत पडलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही. त्याच्या तोंडावरचा रुमाल काढा, दोन बोटं धरा आणि किती दिसतात ते विचारा. चार म्हणाला, तर अर्ज लिहायला बसू नका. मी बसले होते. जा, बघून या."