घड्याळजींनी निवडलेला पंखा

"एकोणतीस वर्षांत माझ्या हातून एकही घड्याळ उलटं चाललेलं नाही! एक पंखा निवडायचा तो काय, डोळे मिटून निवडीन!"

घड्याळजी हे वाक्य पहिल्यांदा बोलले तेव्हा दुकानात फक्त त्यांची बायको होती. आठवडाभरात ते गिऱ्हाइकांनाही पाठ झालं.

प्रश्न होता आत्याच्या विमानाचा. जेमतेम दोन माणसं मावतील असं ते जुनं, चिमुकलं विमान आत्याने चाळीस वर्षं उडवलं होतं. पोरक्या भाच्याला, म्हणजे घड्याळजींना, वाढवलंही तिनेच. आता ती ब्याऐंशी वर्षांची होती आणि विमान संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. सोमवारी त्यांचा ट्रक यायचा होता. त्याआधी रविवारी आत्याला त्यातून शेवटची एक फेरी मारायची होती. एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात भाच्याकडे मागितली, आणि नेमका त्याच महिन्यात विमानाच्या नाकावरचा लाकडी पंखा तडकला!

"मेकॅनिकला विचार रे आधी," आत्या म्हणाली.

"तो गेलाय मुलीकडे. रविवारी सकाळी उगवणार. तोवर मी काय माशा मारत बसू?"

मग घड्याळजींनी दुकानातल्या काउंटरवर पंख्यांचे कॅटलॉग पसरले. गजराचं घड्याळ घेऊन आलेल्या एका बाईंना त्यांनी अर्धा तास लाकडी पंखा चांगला की धातूचा हे समजावलं. बाई शेवटी घड्याळ तिथेच ठेवून, मंगळवारी येते म्हणून निघून गेल्या. जुन्या पंख्याची लांबी त्यांनी केसाच्या जाडीपर्यंत मोजली, बोल्टची भोकं भिंगातून तपासली आणि पंखे घडवणाऱ्या सुताराला फोन लावला.

"धातूचा आहे तयार, टिकाऊ," सुतार म्हणाला.

"आमच्या आत्याच्या विमानाला पत्रा? जमणार नाही! लाकडीच हवा!"

"मग फॉर्म भरून पाठवा. लांबी, भोकं आणि फिरण्याची दिशा."

दिशा! घड्याळजी ताडकन उठले, विमान ठेवलेल्या फ्लाइंग क्लबच्या मैदानावर गेले आणि विमानाच्या बरोबर समोर उभे राहिले. जन्मभर ते तबकडीच्या समोरच उभे राहिले होते, दुसरीकडून बघायचं कशाला? इंजिन कोणत्या बाजूला फिरतं ते त्यांनी हाताने फिरवून पाहिलं आणि फॉर्मवर ठळक लिहिलं, 'घड्याळाच्या काट्यांप्रमाणे'. खाली सही केली ती एखाद्या राजाने करावी तशी.

"अहो, पण दिशा कुठून बघायची असते? विचारून घ्या ना एकदा," बायको म्हणाली.

"अगं, काटे कोणत्या दिशेने फिरतात हे तू मला शिकवणार?"

बायको गप्प बसली. पण तिचं गप्प बसणं हे पावती फाडून ठेवण्यासारखं असतं. पुढे कधीतरी ती दाखवली जातेच.

शुक्रवारी पंखा आला. काय देखणा! मधासारखा रंग, आरशासारखी चकाकी! शनिवारी दुपारी घड्याळजींनी तो स्वतः बसवला आणि विमान क्लबच्या खोलीसमोर, दाराकडे शेपूट करून उभं केलं. मेकॅनिकने तपासल्याशिवाय उडायचं नव्हतं. पण नुसतं इंजिन सुरू करून बघायला कोणाची हरकत? आत्या आतल्या बटणांपाशी बसली. विमानाला ब्रेक नव्हते, म्हणून घड्याळजींनी चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले.

"मागेही लावा की दोन," बायको म्हणाली.

"अगं, विमानाला रिव्हर्स गिअर नसतो!"

"पंखा जरा अनोळखी वाटतोय रे," आत्या वरून म्हणाली.

"नवीन आहे ना! नव्या नवरीसारखा दोन दिवस अनोळखी वाटणारच!"

घड्याळजींनी पंख्याला हिसका देऊन मागे उडी घेतली. इंजिन फुरफुरलं, धडधडलं, आणि जो वारा मागे जायचा तो घोंघावत पुढे आला! घड्याळजींची टोपी उडाली. शर्ट फुगला. आणि विमान, ज्याला रिव्हर्स गिअर नसतो ते विमान, ठोकळ्यांचा निरोप घेऊन ऐटीत मागे निघालं!

"आत्या! थांब!"

"मी कुठे जातेय? तुझा पंखा नेतोय मला!"

बायको दारासमोरच्या खुर्च्या ओढत बाजूला पळाली. घड्याळजी विमानामागे, म्हणजे खरं तर विमानासमोर, धावले. दारापासून वीतभर अंतरावर आत्याने बटण बंद केलं आणि विमान थांबलं. शेपटीचं टोक जणू क्लबच्या खोलीत डोकावायलाच आलं होतं.

"उलटा फिरणारा पंखा आणलास, माठ्या!" आत्या ओरडली. "दिशा समोरून नव्हे, पायलटच्या खुर्चीतून बघायची असते!"

घड्याळजींचा चेहरा बंद पडलेल्या घड्याळासारखा झाला. रविवार उद्यावर आला होता. ब्याऐंशी वर्षांची आत्या, तिची एकच इच्छा, आणि ती आपल्या शहाणपणाने धुळीला मिळवली! त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आत्या, माझं चुकलं गं," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

आत्याचं लक्षच नव्हतं. ती मान वळवून, शेपटीच्या रेषेत, उघड्या दारातून आत बघत होती.

"ते भिंतीवर काय आहे रे?"

"घड्याळ. मीच बसवलंय. अठरा वर्षं दर रविवारी किल्ली देतो, मिनिटाचाही फरक नाही!"

"घड्याळ नव्हे! घड्याळाच्या भोवती काय आहे?"

घड्याळजींनी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं! ज्या लाकडी पंख्याच्या मधल्या भोकात त्यांनी एक ओरखडाही न पाडता घड्याळ बसवलं होतं, तो आत्याच्याच विमानाचा जादा पंखा होता. तिने क्लबला शोभेसाठी दिलेला. खुद्द आत्याही ते विसरली होती. विमान मागे सरकलं नसतं तर तिची नजर तिकडे गेलीच नसती!

रविवारी सकाळी मेकॅनिक आला. त्याने पंखा ठोकून पाहिला, तोलून पाहिला, इंच इंच बोटाने चाचपला. घड्याळजी त्याच्या बोटामागोमाग डोळे फिरवत होते.

"लाकूड ठणठणीत आहे," मेकॅनिक म्हणाला. "भिंतीवर याची फारच निगा राखलीय कोणीतरी!"

"दर रविवारी पुसतो मी!" घड्याळजी ओरडलेच.

पंखा बसला. मेकॅनिकने आधी एकट्याने एक फेरी मारली. मग आत्या त्याच्यासोबत चढली. विमान पुढे धावलं, हो, पुढे! चाकं सुटली, सावली लहान झाली. मैदानाच्या डोक्यावरून जाताना आत्याने दोन्ही हात वर केले आणि खाली अख्खा क्लब टाळ्या पिटत नाचला. उतरल्यावर तिने भाच्याचा गाल ओढला. "सुकाणू अर्धा वेळ माझ्याच हातात होतं! तू नसतास तर हे झालं नसतं रे."

नव्या मधाळ पंख्यात घड्याळ बसवून घड्याळजींनी तो भिंतीवर टांगला आणि छाती काढून घरी आले. "बघ! शब्द दिला होता, पाळला! चुकलो असेन, पण चुकलो म्हणूनच सापडला ना?"

"हो तर," बायको म्हणाली आणि तिने सुताराच्या फॉर्मचं सूचनांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. पानभर चित्र होतं: खुर्चीत बसलेला पायलट, समोर गोल बाण, खाली ठळक अक्षरांत 'दिशा येथून पाहावी'. आणि त्या पायलटच्या पोटावर घड्याळजींच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'गजरवाल्या बाई, मंगळवारी.'

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरेच्चा," ते म्हणाले, "त्या बाईंचं घड्याळ राहिलंच की!"