गरज आढळत नाही

शेजारच्या शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला, तेव्हा मोठ्या बाई गच्चीवर सापडलेला चेंडू कोणत्या वर्गाचा, या भांडणाचा निवाडा करत होत्या. फोनवरचा रडवेला आवाज ऐकताच त्यांनी चेंडू टेबलाच्या खणात टाकला आणि दोन्ही वर्गांना बाहेर पिटाळलं.

"आमची समुपदेशक गेली हो बाई," हेडमास्तर म्हणाले. "काल तपासणीला साहेब आले. मुलं आनंदात दिसली. साहेबांनी शेरा मारला, गरज आढळत नाही. झालं. अनुदान बंद."

"अहो, पण मुलं आनंदात होती ती तिच्यामुळेच ना?"

"हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, तसा रकाना नाही. उद्या ते तुमच्याकडे येतायत. तुमची मुलं कशी आहेत?"

मोठ्या बाईंनी खिडकीतून पाहिलं. सहावीची मुलं मैदानात एकमेकांच्या गळ्यात हात टाकून खिदळत होती. कोणी कोणाला ढकलतसुद्धा नव्हतं.

"काही खरं नाही," त्या खचून म्हणाल्या. "सगळी मजेत आहेत."

मुलांच्या मनाची काळजी घ्यायला शाळेत एक जाणकार माणूस हवं, हे सरकारला एकदाचं पटलं होतं आणि मोठ्या बाईंच्या शाळेला करारावर एक ताई मिळाली होती. मोडक्या बाकांची खोली रिकामी करून तिथे दोन खुर्च्या मांडल्या. सुरुवातीला मूल समोर बसायचं, ताई विचारायची, "काय होतंय?" आणि मूल सांगायचं, "काही नाही." असा बरेच दिवस सुखसंवाद चालल्यावर ताईने शाळेच्या स्वयंपाकघरातून मटारच्या शेंगांची टोपली आणून दोघांच्या मधे ठेवली. हात सोलण्यात आणि डोळे टोपलीत गुंतले, की मुलांची तोंडं आपोआप उघडू लागली. निम्मे दाणे पोटात जायचे, पण स्वयंपाकीणबाई खूश होत्या. मुलं तिला मटारताई म्हणू लागली.

मोठ्या बाईंनी आधी नाक मुरडलं होतं. त्यांच्या लेखी रडणाऱ्या मुलावर एकच इलाज होता, "रडायचं नाही." पण गणिताच्या प्रत्येक तासाला पोट दुखतंय म्हणून नळाशी जाऊन बसणारी सहावीतली एक मुलगी एके दिवशी गुपचूप वर्गात जाऊन दुसऱ्या बाकावर बसली आणि मग रोजच बसू लागली. त्या दिवसापासून मोठ्या बाई ताईच्या बाजूच्या झाल्या. आता ताई गेली तर ती मुलगी पुन्हा नळाशी जाऊन बसणार होती.

त्यांनी ताईला बोलावून घेतलं. "उद्या साहेबांना मुलं दुःखी दिसली पाहिजेत."

"मोठ्या बाई, मुलांना मुद्दाम रडवायचं? त्याच्या उलट काम करायलाच मला ठेवलंय ना?"

"अगं, ठेवलं तर करशील."

रडवण्याच्या कामी शाळेत एकच माणूस लायक होता. गणिताच्या सरांना मुलं 'वजाबाकी' म्हणायची, कारण उत्तर बरोबर असलं तरी अक्षरासाठी ते गुण कापत. मोठ्या बाईंनी त्यांना गाठलं. "सर, उद्या साहेब यायच्या आधी सहावीवर अचानक चाचणी घ्या. आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त ओरडा."

सर चपापले. "नेहमीपेक्षा म्हणजे? मी ओरडतो?"

"नाही नाही, तुमचा आवाज भरदार आहे, एवढंच म्हणायचंय."

"मोठ्या बाई, खरं सांगा. मी ओरडतो?"

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि कसली तरी मीटिंग आहे म्हणून तिथून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी फाटकात शिरताना दिसली तसे सर सहावीच्या वर्गात घुसले आणि त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं. "वह्या बंद! चाचणी! जो चुकेल तो दिवसभर उभा राहील!"

मोठ्या बाई दाराआडून अश्रूंची वाट पाहत होत्या. वर्ग शांत होता. मग दुसऱ्या बाकावरची ती मुलगी उठली. "सर, आज तुमचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येतोय. काही झालंय का?"

"खाली बस!"

"बसते. पण सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी चालेल," ती म्हणाली. मागून कोणीतरी जोडलं, "आम्ही कोणाला सांगणार नाही, सर." आणि मुलीने दप्तरातून मूठभर शेंगा काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला. ताईची शिकवण नको तिथे कामी आली होती. सरांनी रागारागाने एक शेंग उचलली, फोडली. दुसरी फोडली. तिसऱ्या शेंगेला त्यांचा आवाज खाली आला.

"माझी मुलगी तुमच्याएवढीच आहे," ते शेंगेकडे बघत म्हणाले. "आईच्या नोकरीमुळे ती दुसऱ्या गावी असते. हल्ली फोनवर येतच नाही. मी तिला पाढे विचारतो ना. दुसरं काय विचारायचं, ते मला सुचतच नाही."

एवढं बोलून वजाबाकी सर हमसाहमशी रडू लागले. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. मुलगी म्हणाली, "तिला विचारा, डब्यात काय होतं. मला माझे बाबा तेच विचारतात." आणि नेमके त्याच वेळी साहेब दारात येऊन उभे राहिले.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"लाभार्थी," मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"लाभार्थी विद्यार्थी असावा लागतो. कर्मचारी या योजनेत बसत नाहीत." साहेबांनी चष्मा पुसला. "आणि या शेंगा? मटार आहार विभागाकडे येतात. मानसिक आरोग्याच्या खर्चात भाजी दाखवता येत नाही."

"दाखवलेली नाही, साहेब. खाल्लेली आहे."

"विद्यार्थी कोणी रडतोय?"

मोठ्या बाईंनी आशेने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. मुलं काळजीने सरांकडे पाहत होती, पण एकाचाही डोळा ओला नव्हता. साहेबांनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "गरज आढळत नाही. समुपदेशकांनी महिनाअखेरीस खोलीची किल्ली जमा करावी."

ताई दारापाशी उभी होती. तिने नुसती होकारार्थी मान हलवली. पण वर्गाला ते बरोबर कळलं.

"म्हणजे ताई जाणार?" मुलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तिने भोकाड पसरलं. तिच्यामागून बाक, बाकामागून रांग, रांगेमागून सगळा वर्ग सुरू झाला. पलीकडे पाचवीच्या पोरांना काय झालंय ते ठाऊक नव्हतं, तरी मागे राहायला नको म्हणून तीही रडू लागली. ताई मुलांकडे धावली, तेवढ्यात मोठ्या बाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. सही होऊ दे."

"मोठ्या बाई, मुलं खरंच रडतायत."

"दिसतंय मला," मोठ्या बाई म्हणाल्या. आपण ज्यासाठी थांबलोय त्याची त्यांना लाज वाटत होती. पण मनगट त्यांनी सोडलं नाही.

साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "अहो, हे आधी दाखवायचं नाही का? गरज तर भरपूर आहे." त्यांनी आधीचा शेरा खोडला आणि नवा लिहायला घेतला. मग त्यांचं पेन हवेतच थांबलं. "पण काय हो, वर्षभर समुपदेशक असूनही एवढी मुलं रडतात? मग या बाईंनी केलं काय?"

मोठ्या बाई चक्रावल्या. मुलं हसली तर ताईची गरज नाही, रडली तर तिचा उपयोग नाही.

"साहेब, तुम्ही येईपर्यंत एकही रडत नव्हतं," त्या बोलून गेल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे, दुःख आत दडलेलं होतं. आमच्या कोणाच्या नजरेला पडलं नाही. तुमच्या एका भेटीत बाहेर आलं."

साहेबांनी थोडा विचार केला. त्यांना ते पटलं. "अनुभव लागतो त्याला," असं म्हणून त्यांनी झोकदार सही ठोकली. "पुढच्या वर्षी पुन्हा येईन. गरज अशीच टिकवून ठेवा."

ते जिना उतरले तशी ताई मुलांच्या घोळक्यात बसली आणि तिने सांगून टाकलं, मी कुठेही जात नाही. नाकं पुसली गेली, कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाई धावत वर्गात आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"खबरदार," त्या कुजबुजल्या. "गाडी वळेपर्यंत कोणी हसायचं नाही."

सगळ्यांनी तोंडावर हात दाबले. गाडी फाटकाबाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि वर्गात असा दंगा उसळला की स्वयंपाकीणबाई झारा घेऊन बाहेर आल्या. गणिताचे सर मात्र टेबलाशी बसून अजून रडतच होते. इतक्या वर्षांचं साठलेलं लवकर संपेल असं दिसत नव्हतं.

"यांचं काय करायचं?" ताईने हळूच विचारलं.

"तुझ्या खोलीत घेऊन जा."

"साहेब म्हणाले, कर्मचारी योजनेत बसत नाहीत."

मोठ्या बाईंनी सरांचा दंड धरून त्यांना उठवलं. "मग दार लावून घे," त्या म्हणाल्या. "आणि यांचं झालं की मला हाक मार."