बिदरकर काकांची पातळी

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या इमारतीत बिदरकर काकांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते आकडा सांगत. "एकशे बेचाळीस. स्थिर." एवढं बोलून जिना चढायला लागत. नवा भाडेकरू गोंधळून बघत राहायचा. जुन्यांना ठाऊक होतं, हा काकांचा त्या दिवशीचा शुगरचा आकडा.

काका पाणी खात्यात होते. शहराबाहेरच्या एका तलावाची पातळी रोज सकाळी सहाला वाचायची आणि वहीत लिहायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. तलाव सुटला तरी भाषा सुटली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी सगळा जीव स्वतःच्या मधुमेहावर लावला. जेवण म्हणजे आवक, संध्याकाळचं फिरणं म्हणजे विसर्ग. कुणाच्या लग्नात जिलबी समोर आली की हात आडवा धरून म्हणायचे, "नक्को. आज वरून आवक फार आहे." आणि रात्री वहीत दिवसभरात पोटात गेलेला प्रत्येक घास. मालतीकाकू हसून सांगायच्या, "मी संसार केला तो तलावाच्या काठावरच." काकूंना जाऊन आता सहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. दार उघडायला काका, दार लावायलाही काकाच.

मागच्या वर्षी नव्या चपलेनं त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. मधुमेहानं पाय बधिर झालेले, त्यामुळे कळलंच नाही. ताप भरला आणि अंगठा काळानिळा दिसायला लागला, तेव्हा मी आणि माझी बायको मेधा त्यांना दिलसुखनगरच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. सर्जननी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "चार-पाच दिवस बघू. शुगर काबूत आली तर वाचेल. नाही तर काढावा लागेल."

काकांना अंगठ्याचं विशेष वाटलं नाही. त्यांना झोंबलं ते वेगळंच. नेहमीच्या गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू करायचं ठरलं होतं.

"एवढी वर्षं गोळीवर कालवा चालवला मी! आणि हे आल्या आल्या धरणाचे दरवाजे उघडायला निघाले."

वॉर्डच्या डॉक्टर समीना जेमतेम तिशीच्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "चचा, इन्फेक्शन है तो शुगर चढतीच. अब्बी गोली से नै होता. अच्छे हो जाव, फिर देखेंगे."

"किती आहे?"

"तीनशे बारा."

काका छताकडे बघत राहिले. "पूर आहे," ते हळूच म्हणाले, आणि निमूट सुई टोचून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी वॉर्डाचा ताबा घेतला. जेवणाआधी सिस्टर विजया सुई घेऊन आल्या की काका विचारायचे, "ताट कुठंय?"

"आता है, सार."

"आवक डोळ्यांनी दिसल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही. सुई आधी दिलीत आणि ताट अर्धा तास आलं नाही, तर तळ दिसेल माझा."

सिस्टर वैतागल्या. त्यांना बारा खाटा बघायच्या होत्या. पण डॉक्टर समीनांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "चचा सही बोल रहे. खाना सामने आए बाद सुई, सबको." तेव्हापासून सिस्टर त्यांना 'इंजिनियर सार' म्हणू लागल्या. काका दर वेळी दुरुस्ती करायचे, "इंजिनियर नाही. पातळी वाचणारा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची शुगर एकसष्टवर आली. साखरेचं पाणी दिल्यावर चढली. चौथ्या दिवशी मी जरा लवकर, चारच्या सुमाराला पोचलो, तर काका घामानं निथळत होते. सदरा अंगाला चिकटलेला, बोटं थरथरत होती.

"शिरीष," ते माझा हात धरून म्हणाले, "त्या सांडव्यावर कोण उभं आहे? खाली उतरव त्याला. वाहून जाईल."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको दारात उभी राहून "सिस्टरम्मा! सिस्टरम्मा!" म्हणून ओरडत होती. सिस्टर धावत आल्या. बोटाला टोचलं, शेहेचाळीस. शिरेतून ग्लुकोज गेलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. काकांची नजर जागेवर आली आणि त्यांनी सगळ्यात आधी आपली वही मागितली; वॉर्डातही ते ती रोज लिहीत होते.

डॉक्टर समीनांनी तीच वही हातात घेतली. दुपारचं जेवण: दोन चपात्या, वाटीभर भात, वरण, भाजी. संपूर्ण. ताटही चाटूनपुसून परत गेलं होतं. डोस बरोबर, वेळ बरोबर. "फिर शुगर जा कहाँ रही?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. डोस वाढवावा तर हे असं, कमी करावा तर जखम भरेना. संध्याकाळी सर्जन येऊन अंगठा बघून गेले. "अजून दोन दिवस," एवढंच म्हणाले.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. मागून कुणीतरी हाक मारली. मघाची तीच बाई, लक्ष्मम्मा. कुकटपल्लीहून नवऱ्याला घेऊन आली होती. पदर तोंडाशी धरून रडत होती.

"सार, तप्पु नादी. चूक मेरी है. रोज दो चपाती, चावल, सब मेरेकू देते. भूक नै बोलते."

हळूहळू सगळं कळलं. ताट पेशंटला मिळतं, सोबतच्या माणसाला मिळत नाही. कँटीन दोन मजले खाली. आणि तिचा नवरा भ्रमात नाकातली नळी ओढायचा, म्हणून ती स्टुलावरून हलत नव्हती. काका येईपर्यंत चहा आणि पाव, एवढ्यावर तिचे आठ दिवस गेले होते. काका स्वतः वरण आणि भाजी खाऊन, बाकीचं तिच्याकडे सरकवत होते. सुई मात्र पूर्ण ताटाची घेत होते.

मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसलो. रागच आला होता.

"काका, वही खोटी लिहिलीत?"



"हौ," ते म्हणाले. "तलावाची पातळी कधी बोटभरसुद्धा इकडची तिकडे लिहिली नाही मी. ही लिहिली."

"अंगठा जाईल. जीव गेला असता आज."

"माहीत आहे." त्यांनी चादरीची घडी नीट केली, पुन्हा मोडली. "मला हृदयाचं दुखणं झालं होतं, तू तेव्हा इथं राहायला आला नव्हतास. अकरा दिवस मालती अशीच बसून होती स्टुलावर. तेव्हाही वही ठेवली होती मी. पाणी किती प्यालो, पेज किती वाट्या, सगळं. ती गेल्यावर कपाटात सापडली. पानन्‌पान बघितलं शिरीष. तिनं त्या अकरा दिवसांत काय खाल्लं, कुठं खाल्लं, त्याचा एक शब्द नाही. लिहिणार कुठून? मी विचारलंच नव्हतं."

मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

डॉक्टर समीनांना मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "चचा, आपकी सुई पूरी थाली की है. अधूरी थाली खाए तो वही सुई आपकी जान लेती. किसीकू खिलाना है तो हमकू बोलो."

अंगठा वाचला, हे सांगून टाकतो. नख गेलं, थोडी कातडी गेली. पुढच्या दोन दिवसांत शुगर ताळ्यावर आली आणि आठवड्याभरानं काका घरी आले.

पण मला आठवते ती त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मेधानं लक्ष्मम्मासाठी डबा भरून दिला होता, भाकरी, वांग्याची भाजी आणि दही. मी तो तिच्या हातात दिला. तिनं संकोचानं तसाच मांडीवर धरून ठेवला. तेवढ्यात काकांचं ताट आलं. सिस्टर विजया सुई घेऊन उभ्या राहिल्या.

"सार, ताट सामने है. देख लो."

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. जन्म हैदराबादेत काढूनही त्यांचं तेलुगू भाजीवाल्यापुरतं होतं. ते खाटेवर उठून बसले आणि स्टुलाकडे बघून म्हणाले,

"अम्मा, मीरु तिन्नारा?"

तुम्ही जेवलात का? तिनं मान हलवली. नाही.

"तिनंडी," काका म्हणाले. खा.

तिनं झाकण काढलं. पहिला घास तोंडात जाईपर्यंत काका बघत राहिले, सिस्टरही सुई धरून थांबल्या. मग सुई टोचून झाली. काकांनी चपातीचा तुकडा मोडला, आणि दोघं एकमेकांकडे न बघता जेवू लागली.