पाठमोरी

तात्या आमच्या पार्किंगमधून कधी सरळ चालत नाहीत. लिफ्टकडे येताना मधेच थबकतात आणि कोरड्या, रिकाम्या फरशीला मोठा वळसा घालून पुढं जातात. मी धायरीत नवा होतो तेव्हा न राहवून विचारलं, "तात्या, काही सांडलंय का?"

"हीर हाय," ते म्हणाले. "तुमी बी जरा बाजूनं या."

मी नारायण पेठेतला. समोरच्याची चूक सुधारल्याशिवाय आम्हाला अन्न पचत नाही. "विहीर होती म्हणा. आता तिच्या काठावर माझी गाडी उभी असते."

"म्हून गाडीत ओल येती."

भर उन्हाळा होता. तरी संध्याकाळी गाडीतली पायपुसणी उचलून पाहिली. ओली होती. तेव्हापासून मीही वळसा घालतो. आता तर आमचा वॉचमनही घालतो.

ही सोसायटी तात्यांच्याच शेतावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्याचा फ्लॅट मिळाला. मुलं परगावी, बायको वारलेली. घराच्या भिंती जुन्या फोटोंनी भरलेल्या. गावातली जुनी घरं पाडायला लागले की तात्या तिथं हजर. लोक भांडी नेतात, हे फोटो मागून आणतात. मळणीचे बैल, पोळ्याची मिरवणूक, ज्वारीची कणसं खुडणाऱ्या बाया. त्यातल्या कुणाबद्दलही ते 'होता' म्हणत नाहीत. "हा आमचा किसनमामा. तुमच्या जिन्याखाली याचा गोठा हाय."

दुसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलीला त्यांनी सहज विचारलं होतं, "पोरी, तुझ्या किचनच्या बाजूला खळं हाय. बैलांचा तरास न्हाई ना?" ती म्हणाली, "काका, ती घुंगरं खरी आहेत?" महिनाअखेरीस तिनं फ्लॅट सोडला.

एकदा मी आणि माझी बायको त्यांच्याकडे चहाला गेलो. फोटो बघता बघता बायकोनं माझा दंड घट्ट धरला. "अहो, ही बघा."

मळणीच्या फोटोत कडेला एक बाई पाठमोरी उभी होती. पोळ्याच्या फोटोतही तीच. तोच बांधा, डोक्यावर पदर. कणसं खुडणाऱ्या सगळ्या बाया कॅमेऱ्याकडे बघत होत्या, ही एकटी ज्वारीकडे तोंड करून. मी बघत राहिलो आणि वाटलं, ही आता वळणार. मी पटकन नजर काढून घेतली.

"आय हाय माजी," मागून तात्या म्हणाले. "फोटू काढला की आयुष्य कमी हुतं म्हणायची. फोटूवाला आला की पाठ फिरवायची. मी लहान असतानाच पान लागलं तिला, साप डसला." त्यांनी त्या फोटोची चौकट सरळ केली. "काढू दिला न्हाई, तरी गेलीच की."

तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. पडक्या घरांतून ते काय शोधत होते, ते तेव्हा कळलं.

गेल्या हिवाळ्यात हडपसरहून त्यांच्या चुलत बहिणीचा फोन आला. ट्रंकेत एक फोटो सापडला होता. मीच तात्यांना गाडीतून घेऊन गेलो. म्हातारीनं फोटो पुढं केला. शेताच्या बांधावर एक तरुण बाई, वाकलेली, तोंडभर हसणारी. खाली मातीत एक मूल भोकाड पसरून बसलेलं.

तात्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. "ही कोन गं आक्का?"

"आरं, तुजी आय!" म्हातारी म्हणाली. "पाठच करून हुबी हुती नेमासारखी. तू मागं रडाय लागलास, तशी उचलाय वळली. फोटूवाल्यानं तेवढ्यात काढला."

तात्यांनी अंगठ्यानं फोटोवरची धूळ पुसली. मग इतकंच म्हणाले, "लई ल्हान हाय की गं ही. माज्या नातीएवढी."

परत येताना फोटो त्यांच्या मांडीवर होता. सिग्नलला गाडी थांबली तसं काचेतून ऊन आत आलं आणि थेट त्या हसऱ्या चेहऱ्यावर पडलं. तात्यांनी आपला तळवा फोटोवर आडवा धरला आणि सिग्नल सुटेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"आये," ते हळूच म्हणाले, "डोळं मीट जरा."